समुद्राच्या बाजूची खोली

माझे साडू ज्या हॉटेलांत कधीच राहिलेले नाहीत, त्या हॉटेलांची त्यांना जेवढी माहिती आहे तेवढी त्या हॉटेलांच्या मालकांनाही नसेल. पॅरिसमधल्या एका हॉटेलच्या मागच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे ते सांगू शकतात. क्योटोतल्या एका हॉटेलची लिफ्ट केव्हा बदलली हे त्यांना ठाऊक आहे. केपटाऊनच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात खोल्यांच्या खिडक्या फक्त वीतभर उघडतात, आणि तेवढ्याच का उघडतात, या विषयावर ते पाऊण तास बोलू शकतात. या तिन्ही शहरांत ते गेलेले नाहीत. हॉटेल निवडण्याच्या कामातून त्यांना तिथं जायला वेळच मिळाला नाही.

ते सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अभियंता आहेत. काय काय बिघडू शकतं याची यादी करण्याचा त्यांना पगार मिळतो. हे काम बहुतेक माणसं आयुष्यभर फुकट करत असतात. त्यांची पत्नी ही माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो आणि त्यांना दाजी. दोन्ही कुटुंबं बिशानमध्ये राहतात. आमच्या इमारतीपासून त्यांची इमारत चालत सहा मिनिटांवर आहे. दाजींच्या हिशेबानं नऊ, कारण ते रस्ता फक्त सिग्नललाच ओलांडतात आणि हिरवा माणूस दिसल्यावरही आधी दोन्हीकडे बघून घेतात. "दिवा बिघडलेला असू शकतो," असं त्यांचं म्हणणं. सिंगापूरमध्ये बिघडलेला सिग्नल मी अजून पाहिलेला नाही, पण दाजींच्या पेशात 'अजून' या शब्दाला फार महत्त्व आहे.

ते आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "इथून बाहेर पडायला दुसरा रस्ता कोणता?" माझ्या बायकोला वाटलं, पाहुणे आत्ताच आले आणि आत्ताच जायचं बघतायत. अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटला दुसरा रस्ता नव्हता. दाजींनी ते मनाला लावून घेतलं नाही; ते दाराजवळच्या खुर्चीत बसले, आणि गेली नऊ वर्षं ती खुर्ची त्यांचीच आहे. त्याच दिवशी त्यांनी कुकरची शिट्टी उजेडात धरून आरपार पाहिली, गॅसची नळी वाकवून पाहिली, आणि पुस्तकांच्या कपाटाला हलकेच ढकलून पाहिलं. कपाट हललं. जेवण अर्धा तास उशिरा सुरू झालं, कारण कपाट भिंतीला जखडायला लागणारे स्क्रू त्यांच्या पिशवीत होते. दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना लोक मिठाई नेतात.

गणपतीत त्यांचं ज्ञान विशेष उजळतं. आमच्याकडच्या पहिल्याच आरतीला त्यांनी सगळ्यांना थांबवून समजावून सांगितलं की कापूर म्हणजे उघडी ज्योत. कारखान्यात उघडी ज्योत पेटवायची तर लेखी परवाना लागतो आणि ज्योत विझल्यावरही अर्धा तास एक माणूस तिथं राखणीला उभा राहतो. परवान्याचं त्यांनी देवाकडे बघून सोडून दिलं. राखणीला मला उभं केलं. हातात ओला पंचा, पायाशी बादली. "ठिणगी लगेच पेट घेत नाही," ते म्हणाले, "ती माणसं जेवायला बसायची वाट बघते." सगळे जेवायला बसले. मी मखराजवळ उभा राहून मोदक संपताना पाहिले. पुढच्या वर्षी कापूर लावायचाच नाही असं बायकोनं ठरवलं. मग दाजींनी समईकडे पाहिलं.

अशा माणसानं सुट्टीवर जायचं ठरवलं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. बालीचं हॉटेल ठरेपर्यंत मुलीच्या शाळेची सुट्टी संपली. जपानचं ठरेपर्यंत चेरीचा बहर झडून झाडांना पानं आली होती. लंकावीला मात्र ते खरोखर गेले. तिथं पोचल्यापासून दोन तासांत त्यांनी तीन खोल्या पाहिल्या. पहिलीत धुराची सूचना देणारं यंत्र पिवळं पडलेलं होतं. दुसरीत दाराची कडी आतून जड होती. तिसरी सर्व दृष्टींनी निर्दोष निघाली, फक्त तिच्यात एक मलेशियन कुटुंब राहत होतं. दाजींनी त्यांना अदलाबदलीविषयी विचारलं. ताई तोपर्यंत खाली बसमध्ये जाऊन बसली होती.

ब्राझीलचा विषय निघाला तो ताईच्या भाचीमुळे. ताई लग्नाआधी जालन्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. इथं आल्यावर शाळा सुटली, भूगोल सुटला नाही. दर रविवारी ती जालन्याला भावाच्या मुलीला व्हिडिओवरून शिकवते. आपल्याकडे दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला ब्राझील आहे. महाराष्ट्रातलं दहावीचं पोर एक वेळ शेजारच्या तालुक्याचं नाव चुकेल, पण ॲमेझॉनचं खोरं नकाशात बरोबर दाखवेल. एका रविवारी ताई ब्राझीलची किनारपट्टी शिकवत होती आणि भाचीनं मध्येच विचारलं, "आत्या, तू बघून आलीस काय गं हे सगळं? किती पाठ आहे तुला!" ताई म्हणाली, "नाही गं." त्या दिवशीचा तास तिनं लवकर संपवला. संध्याकाळी आम्ही सगळे जेवत असताना ती एकदम म्हणाली, "अहो, आपण रिओला जाऊ या."

"कुठल्या हॉटेलात?" दाजी म्हणाले.

सर्वसाधारण माणूस अशा वेळी 'का' असं विचारतो.

लग्नाला जूनमध्ये पंचवीस वर्षं होत होती, तेव्हा 'का' याचं उत्तरही तयार होतं. ताईची अट एकच होती. "हॉटेल चांगल्यातलं चांगलं घ्या, असंच नाही म्हणत मी. सकाळी जाग आली की उशीवरून मान न उचलता समुद्र दिसला पाहिजे. जालन्यात उशीवरून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसायची. इथं समोरच्या ब्लॉकचे बांबूवर टाकलेले कपडे दिसतात. पन्नाशीत एकदा तरी समुद्र दिसू दे." त्यांच्या मुलीनं, जी सतरा वर्षांची आहे आणि सिंगापूरमध्येच वाढली आहे, तिथल्या तिथं मोबाइलवरून विमानाची तिकिटं काढली. तारीख बदलता न येणारी. "मा, डन ऑलरेडी," ती म्हणाली. या कामाला तिला अकरा मिनिटं लागली. दाजी तिच्याकडे, आपलं मूल दवाखान्यात बदललं गेलं असावं अशा नजरेनं बघत राहिले.

खर्चाचा प्रश्न नव्हता. दाजी खर्चाला भीत नाहीत; ते कठड्यांना भितात. त्यांचा युक्तिवाद मी लिहून घेतला आहे, तो असा: चांगली हॉटेलं समुद्राला लागून असतात. समुद्राला लागून म्हणजे खारा वारा. खारा वारा म्हणजे गंज. समुद्र बघणारा माणूस कुठं उभा राहतो? बाल्कनीच्या कठड्याला टेकून. म्हणजे हॉटेल जितकं चांगलं, समुद्र जितका जवळ आणि माणूस जितका आनंदात, तितका धोका जास्त. या तर्कात मला आजवर एकही चूक सापडलेली नाही. फक्त हा तर्क मान्य केला तर मनुष्यजातीनं जालन्याला राहावं, एवढंच निष्पन्न होतं.

दिवाणखान्याच्या भिंतीवर मुलीची प्रशस्तिपत्रं होती. ती खाली उतरली आणि तिथं तक्ता लागला. रिओच्या किनाऱ्यावरची अकरा उंची हॉटेलं आडवी, चाळीस निकष उभे. हॉटेलांची नावं नव्हती, क्रमांक होते. नाव वाचलं की मत बनतं, असं दाजी म्हणतात. ज्या हॉटेलांत राजे, खेळाडू आणि नट्या उतरतात ती सगळी त्या तक्त्यात 'सात', 'नऊ' आणि 'दोन' होऊन निमूटपणे रांगेत उभी होती. पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय ते वाचत, पण फक्त वाईट. "पाच चांदण्या देणारा माणूस सुट्टीवर असतो," ते मला म्हणाले. "एक चांदणी देणारा कामावर असतो." एका बाईनं हॉटेल नऊविषयी लिहिलं होतं की बाल्कनीतून दिसणारी सकाळ बघून मला रडू आलं. दाजींनी त्यापुढे लाल पेनानं लिहिलं: 'बाल्कनीत भावनावश होण्याचा संभव.' आणि दोन गुण कमी केले.

सकाळी जुरोंग आयलंडला नेणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघताना, गळ्यात पास लटकवून, ते रिओला फोन लावत. इथं पावणेसात वाजलेले असत, तिथं आदल्या दिवशीची संध्याकाळ. "आपल्या कठड्याचे गज पोकळ आहेत की भरीव?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. स्वागतकक्षातली मुलगी म्हणे, सेन्योर, आमच्याकडे न्याहारीत सोळा प्रकारची फळं असतात. दाजी म्हणत, फळांचं नंतर बघू. बसच्या रांगेतल्या सगळ्या अभियंत्यांना हे संभाषण पाठ झालं होतं. त्यांच्यातला एकही हसत नसे. उलट एकानं सुचवलं की गजांच्या तळाशी पाणी साचतं का तेही विचारा. अशी माणसं एका बसमध्ये भरून रोज समुद्रापलीकडे नेतात ही या शहराची मोठी सोय आहे.

फोनवर उत्तरं मिळेनात तेव्हा त्यांनी पत्र लिहायचं ठरवलं आणि ते मला तपासायला दिलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर कमी करत आलो आहे. पत्र नऊ पानांचं होतं, त्यात चौसष्ट प्रश्न होते. मी ते दोन पानांवर आणलं. 'आपणांस तसदी देत आहे, क्षमस्व' हे काढलं. 'आम्ही उभयता' काढलं. लग्नाच्या वाढदिवसाचा उल्लेख विषयाशी संबंधित नव्हता, तो काढला. एक्केचाळिसाव्या प्रश्नानंतर एक वाक्य आलं होतं: 'माझ्या पत्नीला उशीवरून मान न उचलता समुद्र दिसणे आवश्यक आहे.' तो प्रश्नच नव्हता. प्रश्नावलीत विधान कशाला, म्हणून मी तेही काढलं. प्रश्न मात्र सगळे ठेवले आणि त्यांना उपशीर्षकं दिली: आग, जिने, कठडे. खाली दाजींचं नाव, हुद्दा आणि 'सिंगापूर'. पत्र इतकं नेटकं झालं की ते कोणी खाजगी माणसानं लिहिलंय असं कुणालाही वाटलं नसतं. दाजींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "संपादक, हात आहे बरं तुमचा." मी खूश झालो.

अकरापैकी आठ हॉटेलांनी उत्तर दिलं नाही. दोहोंनी न्याहारीतल्या फळांची चित्रं पाठवली. मे महिना अर्धा संपला. एका रविवारी आम्ही चौघं ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी फिरायला गेलो. बायका पुढे चालत होत्या. पाण्यात गेलेला एक धक्का तिथं आहे, त्याच्या कठड्याला दाजी चालता चालता किल्लीनं टिचकी मारत होते आणि कान देऊन ऐकत होते. मी म्हणालो, "दाजी, लोक बघतायत. हे कठडे सरकारी आहेत, टिकतील."

"रंग नवा आहे," ते म्हणाले. "आमच्याकडच्या धक्क्यालाही नवाच होता."

मग त्यांनी ते सांगितलं. बारा वर्षांपूर्वी, आधीच्या कारखान्यात, बोटी लागतात त्या धक्क्याची त्यांनी पाहणी केली होती. कठडा नुकताच रंगवला होता. पिवळाधमक. त्यांनी चालत चालत पाहिला आणि कागदावर 'ठीक' लिहिलं. नवव्या दिवशी एक कामगार डबा खाऊन झाल्यावर समुद्र बघत कठड्याला टेकला. आतून गजाचा भुगा झालेला होता. माणूस खालच्या फळीवर पडला, कमरेचं हाड मोडलं. वाचला. तंजावरकडचा होता, परत गावी गेला. चौकशीत दाजींना कोणी दोष दिला नाही. रंगाखालचं कसं दिसणार, असं सगळ्यांनी लिहिलं. "टिचकी मारली असती तर आवाज आला असता," दाजी म्हणाले. "एक टिचकी."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पुढे एका टपरीवर आम्ही उसाचा रस घ्यायला बसलो तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या चारही खुर्च्या उलट्या करून पाहिल्या आणि एक बदलून आणली. ती बदललेली ताईला दिली.

त्याच टेबलावर ताईनं निर्वाणीचं सांगितलं. रस संपवून, पेला बाजूला ठेवून, शाळेत बोलत असेल त्या आवाजात. "या महिन्याच्या शेवटच्या तारखेला हॉटेल ठरलेलं नसेल तर मी हिला घेऊन जाते." ही म्हणजे माझी बायको. "तुम्ही राहा इथंच, तक्ता राखत."

"अगं, पण तिकिटावर माझं नाव—"

"तुमची जागा रिकामी राहील. रिकाम्या जागेला काही धोका नसतो."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी उसाच्या रसाकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत ताईनं कुठलीच सहल अशी मागितली नव्हती. बाली, जपान सगळं मुकाट्यानं सोडून दिलं होतं. हे सुटलं तर त्यानंतर ती मागणारच नाही, हे दाजींना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर धोक्याची अशी नोंद झालेली मी पहिल्यांदाच पाहिली जिच्यासाठी त्यांच्याकडे निकष नव्हता.

महिना संपायला दोन दिवस असताना हॉटेल चारचं उत्तर आलं. चौसष्टच्या चौसष्ट प्रश्नांना. सोबत नकाशे, दाखले आणि स्वतः महाव्यवस्थापकाची सही. कठड्यांचा दाखला पोर्तुगीजमध्ये होता, पण त्यावर तीन शिक्के होते. 'आपल्या भेटीची आम्ही सन्मानपूर्वक प्रतीक्षा करत आहोत,' असं शेवटी लिहिलं होतं. दाजी पत्र घेऊन आमच्याकडे आले आणि दाराजवळच्या खुर्चीत न बसता उभ्याउभ्याच म्हणाले, "जगात अजून जबाबदार माणसं आहेत." 'भेटीची' हा शब्द मला जरा खटकला होता. पण तीन शिक्क्यांपुढे तो मी सोडून दिला.

पुढचं ताई-दाजींच्या तोंडून कळलं तसं देतो. दोन विमानं बदलून ते रिओला पोचले तेव्हा हॉटेलच्या दारात सात माणसं रांगेनं उभी होती. महाव्यवस्थापक, अग्निशमनाचा प्रमुख, देखभालीचा प्रमुख. प्रत्येकाच्या हातात एकेक फाइल. सामान खोलीत जायच्या आधी दाजींना पाण्याचे पंप दाखवण्यात आले. ताईला एका बाईनं फुलं दिली आणि तुमचे साहेब फार कडक आहेत का, असं हळूच विचारलं. ताई दाजींना म्हणाली, "कसली ही माणसं, मला वाटलं तुमची ओळख आहे." सगळा प्रकार दाजींच्या लक्षात यायला अर्धा तास लागला. सिंगापूरहून कुठल्याशा संस्थेचा तपासनीस येतो आहे अशी हॉटेलची पक्की समजूत झाली होती. त्या दोन पानी पत्रात याच्या उलट काही सुचवणारं एकही वाक्य उरलेलं नव्हतं.

मग महाव्यवस्थापक त्यांना अभिमानानं खोलीत घेऊन गेला. पत्रातला कठड्यांचा भाग त्यानं नीट वाचला होता, म्हणून खोली बिनबाल्कनीची होती. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, जिन्याला लागून. त्यानं स्वतः पडदा बाजूला केला. "इथून," तो म्हणाला, "आपल्याला अग्निशमनाची पाण्याची टाकी आणि संकटकाळी जमायची जागा दोन्ही एकाच वेळी दिसतील."

ताई पलंगावर बसली. उशीवर डोकं टेकवून तिनं एकदा टाकीकडे पाहिलं. मग उठून बसली आणि म्हणाली, "छान आहे."

ही गोष्ट सांगताना दाजी इथं थांबतात. ताईनं आदळआपट केली असती, जालन्याचं काही काढलं असतं, तर त्यांच्याकडे उत्तरं होती. तक्त्यातल्या चाळीस निकषांपैकी एकोणचाळिसांत ही खोली पहिली आली असती. पण ती बॅगेतून कपडे काढून कपाटात लावायला लागली. दाजींनी तिच्या हातातली साडी घेतली, परत बॅगेत ठेवली आणि खाली गेले. महाव्यवस्थापकाला म्हणाले, समुद्राच्या बाजूची खोली द्या. तो गोंधळला. म्हणाला, सेन्योर, तिथं बाल्कनी आहे. दाजी म्हणाले, माहीत आहे. तो म्हणाला, दाखला पोर्तुगीजमध्ये आहे, भाषांतर उद्या येईल. दाजी म्हणाले, "उद्या सकाळी तिला समुद्र दिसायला हवा आहे." पत्रातून मी काढलेलं वाक्य ते असं दहा हजार मैलांवर जाऊन तोंडी बोलले.

सातव्या मजल्यावरची खोली मिळाली. उशीवरून मान न उचलता समुद्र दिसत होता. ताईनं दोन्ही उशांवरून खात्री करून घेतली. बाल्कनीच्या कठड्याला बत्तीस गज होते. दाजींनी नाण्यानं प्रत्येकाला टिचकी मारली. तीस खणखणीत बोलले. दोन गजांचा आवाज दबका वाटला, किंवा लाटांमुळे तसा वाटला असेल, हे त्यांना ठरवता येईना. त्यांच्या कामात एक नियम आहे: एका बंदोबस्तावर विसंबायचं नाही, त्याच्या आड दुसरा हवा. त्यांनी खुर्ची उचलली, त्या दोन गजांच्या अलीकडे ठेवली आणि तिच्यावर समुद्राकडे पाठ करून, ताईकडे तोंड करून बसले. कठडा गेला तरी मध्ये ते होते.

दुसऱ्या दिवशी मुलीनं आमच्या घरून व्हिडिओ लावला. ते रिओला असेपर्यंत ती आमच्याकडेच राहत होती. इथं रात्रीची जेवणं चालली होती, तिथं सकाळचं ऊन. पडद्यावर दाजींचं डोकं, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा अटलांटिक महासागर.

"बाबा, टर्न अराउंड ला! सी इज बिहाइंड यू!" मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

"मला माहीत आहे तो कुठं आहे ते."

"अहो दाजी, जरा बाजूला तरी व्हा," माझी बायको म्हणाली, "ताईला दिसू दे."

"मला दिसतोय गं," मागून ताईचा आवाज आला. "हे बसलेत तेवढा सोडून सगळा दिसतोय."

पाच दिवस ते असेच बसले. न्याहारीही तिथंच मागवत. सोळा प्रकारच्या फळांचा शोध शेवटी असा लागला. बारा निघाली, हे दाजींनी महाव्यवस्थापकाला लेखी कळवलं. ताईनं रविवारचा जालन्याचा तास त्या बाल्कनीतून घेतला. हॉटेलवाले तपासनीस साहेबांना रोज वाकून नमस्कार करत होते, आणि समुद्राकडे पाठ करून बसण्यामागे काहीतरी प्रगत पद्धत असावी अशी त्यांची समजूत झाली होती.

परत आल्यावर ते आमच्याकडे जेवायला आले. पत्राची चूक माझी होती, ती मी कबूल केली. दाजी म्हणाले, "चूक तपासणाऱ्याची. मी दोनदा वाचलं होतं ते." ताई भरभरून बोलत होती: तो वळणाचा किनारा, पाण्यातून वर आलेले ते डोंगर, दुपारी पालटणारा रंग. मी दाजींना म्हणालो, "एवढ्या लांब गेलात, पाच दिवस समुद्र पाठीशी, आणि एकदाही वळून बघितला नाहीत?"

"बघितला की," दाजी म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तीननंतर ऊन इमारतीच्या मागं जायचं. बाल्कनीत सावली यायची. मग हिच्या चष्म्यात दिसायचा. दोन्ही काचांत. बोटी उलट्या बाजूला जायच्या, तेवढंच."

ताईचा हात वाढता वाढता आमटीच्या पातेल्यावर थांबला होता. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवून बसलाय."

"ते तर होतंच," दाजी म्हणाले, आणि वाटी पुढे केली.